बायोडाटातला ‘फेअर’ आणि खरेदी केंद्रावरचा ‘फेअर’

पत्र असं आहे :

“बाई, नमस्कार. मी दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यातली. बी.ए. झालं, आता तालुक्याला इंग्रजी बोलण्याच्या क्लासला जाते. घरी माझ्या लग्नाचं चालू आहे. मामानं बायोडाटा इंग्रजीत टाइप करून आणला आणि रंगापुढे ‘फेअर’ लिहिलं. मी सावळी आहे, चांगलीच सावळी. मी म्हटलं, हे खोडा. तर आई म्हणते, ‘राहू दे ना वं, सगळेच तं लिहितेत.’ त्याच आठवड्यात बाबा सोयाबीन घेऊन खरेदी केंद्रावर गेले. ग्रेडरनं माल परत पाठवला. म्हणे, एफएक्यू नाही. मी मोबाइलवर पाहिलं, तर त्यातला एफ म्हणजे पण फेअर! डिक्शनरीत गोरा, न्याय्य, बरा, स्वच्छ, जत्रा असं सगळं दिलं आहे. यातला खरा अर्थ कोणता? एका शब्दाचे इतके अर्थ होतात कसे? आणि बायोडाटात मी काय लिहू? — सोयाबीनवाल्याची लेक.”

बेटा,

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पाहुणे काही माझ्या उत्तरासाठी थांबायचे नाहीत. बायोडाटातली ती ओळ काढून टाक. ‘फेअर’ खोडून तिथे ‘डार्क’ लिही असं मी म्हणत नाही, ‘व्हीटिश’ लिही असंही नाही. रंगाची ओळच नको. का, ते सांगते, पण आधी हा शब्द थोडा निवडून घेऊ. दाण्यात खडे आहेत.

पहिला खडा जत्रेचा. जत्रा या अर्थाचा ‘फेअर’ हा तुझ्या शब्दाचा नातेवाईकच नाही. तो लॅटिनमधून आला. तिथे ‘फेरिए’ म्हणजे सणाचे, सुटीचे दिवस. सणाला लोक जमायचे, लोक जमले की दुकानं लागायची, त्यातून बाजार आणि जत्रा. इंग्रजीत येता येता त्याचं स्पेलिंग तुझ्या ‘फेअर’सारखं झालं, एवढाच संबंध. एसटीचं भाडं म्हणजे ‘फेअर’, ते तर तिसरंच. त्याचं स्पेलिंगही वेगळं आहे, आपण देवनागरीत लिहितो म्हणून सारखं दिसतं. आणि परी म्हणजे ‘फेअरी’ ही ‘फेअर’वरून आली, म्हणजे गोरी ती परी, असं पुष्कळ मुलींना वाटतं. तसं मुळीच नाही. तो शब्द नशीब, दैव या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे आलेला आहे. परीच्या नावात रंग नाही.

आता राहिला तुझा शब्द. तो अस्सल इंग्रजी, फार जुना. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता पाहून बरं वाटेल असं, सुरेख. माणूस सुरेख, माळरान सुरेख, दिवसही सुरेख. पाऊस थांबून उघाड पडली की तो दिवस ‘फेअर’. रस्त्यांच्या सरकारी भाषेत अजून ‘फेअर वेदर रोड’ म्हणतात, म्हणजे उघाडीतच चालणारा रस्ता. तुमच्या शेताकडे जाणारी पांदण डोळ्यांपुढे आण. जूनपासून बैलही जिथे गुडघाभर फसतो, तो झाला ‘फेअर वेदर रोड’.

सुरेख म्हणजे डाग नसलेलं, म्हणून पुढे स्वच्छ. हा अर्थ तुला शाळेपासून माहीत आहे. एक रफ वही आणि एक फेअर वही असायची ना? ‘आधी रफमध्ये काढा, मग फेअर करा,’ हे वाक्य मी तीस वर्षं वर्गात म्हटलं. फेअर वहीत खाडाखोड नाही, शाईचा डाग नाही. आणि जसा वहीवर डाग नाही तसा वागण्यातही नाही, कोणाकडे झुकतं माप नाही, म्हणून न्याय्य. परीक्षेत कॉपी सापडली की कागदावर ‘अनफेअर मीन्स’ लिहितात, म्हणजे गैरमार्ग. आपल्या कंट्रोलचं, म्हणजे रेशनच्या दुकानाचं, इंग्रजी नाव ‘फेअर प्राइस शॉप’. मराठी पाटीवर ‘रास्त भाव दुकान’ लिहितात. ‘रास्त’ हा मूळचा फारसी शब्द, अर्थ सरळ, खरा. किती नेमका बसला बघ. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या इंग्रजी नावातही ‘फेअर कॉम्पेन्सेशन’ आहे, वाजवी मोबदला. ज्यांची शेतं धरणात, कालव्यात, महामार्गात गेली त्यांना हा ‘फेअर’ फार जवळून माहीत असतो.

म्हणजे हे अर्थ एकमेकांपासून तुटलेले नाहीत. सुरेख, मग निर्मळ, मग निःपक्षपाती, अशी ती एकाच झाडाची फांदी आहे. पण गोरा हा अर्थ कुठून आला? तो याच झाडावर एका जागी वाकडा फुटला. गोऱ्या लोकांच्या देशात, ज्यांना फिका रंग आणि फिके केस हेच देखणे वाटत होते, त्यांनी देखणं या अर्थाचा शब्दच त्या रंगाला देऊन टाकला. सुरेख म्हणजे गोरं, असं आधी मनात ठरलं आणि मग भाषेत उतरलं. आजही इंग्रज माणूस एखादीला ‘फेअर’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो केसांबद्दल बोलत असतो, सोनेरी केसांची असं. आपल्याकडे केस सगळ्यांचे काळेच, म्हणून शब्द आला तो थेट कातडीला चिकटला. मग गोरी आणि सावळी यांच्यात पायऱ्या पाडायच्या म्हणून आपण ‘गव्हाळ’चं इंग्रजी केलं ‘व्हीटिश’. हा शब्द विलायतेत बायोडाटासाठी कोणी वापरत नाही, तो आपला घरचा आहे.

तुला माहीत असेल, ‘फेअर अँड लव्हली’ ही क्रीम १९७५ साली बाजारात आली. आमच्या गावात ती किराणा दुकानात दोरीला लटकलेल्या छोट्या पाकिटांत यायची. २०२० मध्ये कंपनीनं नावातला ‘फेअर’ काढला आणि ‘ग्लो’ लावला. त्याच वर्षी लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळानं रंगावरून स्थळं गाळायची सोय बंद केली. ज्यांचा धंदाच या शब्दावर उभा होता, त्यांना तो सोडावा लागला. आणि तुझ्या मामाच्या टायपिंगवाल्याकडे तो अजून तयार नमुन्यात बसलेला आहे. मामाचा दोष मी धरत नाही. त्यानं बहुधा नाव, जन्मतारीख आणि शिक्षण तेवढं बदललं असेल. बाकी सगळं आधीच्या कोणाच्या तरी मुलीचं आहे.

तुझी आई म्हणते, सगळेच लिहितेत. ते खरं आहे. माझ्याही कागदावर ‘निमगोरी’ लिहिलं होतं. मी निमगोरी नव्हते. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी एक चुलत सासू ओसरीवर बसून दुसरीला म्हणाल्या, ‘कागदावर तं निमगोरी होती.’ मी आत पोळ्या लाटत होते. तेवढंच वाक्य, पुढे कोणी त्रास दिला नाही, माणसं चांगली होती. पण चाळीस वर्षं झाली, ते वाक्य आहे तिथेच आहे. माझा रंग मला कधी टोचला नाही, तो खोटा शब्द टोचला. आपल्या वतीनं कोणीतरी आधीच माफी मागून ठेवली आहे, असं वाटत राहतं.

म्हणून म्हणते, ‘फेअर’ नको. मग खरं तेच ‘डार्क’ का लिहायचं नाही? कारण ती ओळ ठेवली की तू भाव करायला उभी राहिलीस. उंची लिही, शिक्षण लिही, क्लास करतेस ते लिही, शेतात काय काय करतेस तेही लिही. हिशेब ठेवत असशील, फवारणीचं वेळापत्रक सांभाळत असशील, तर तेही. सोबत उजेडात काढलेला साधा फोटो लाव, मोबाइलवरून चेहरा उजळ न करता. रंग त्यात दिसतोच. ज्यांना तो चालणार नाही ते घरी पोहे खायला येणारच नाहीत. तुझा आणि आईचा दोघींचा वेळ वाचेल. विठोबाही सावळाच आहे असं सांगून मी तुझी समजूत काढणार नाही. ते तू शंभर वेळा ऐकलं असशील, आणि म्हणणाऱ्यानं नंतर सून गोरीच शोधली हेही पाहिलं असशील.

मामाला दुखवू नकोस. ‘मामा, इंग्रजीत हा शब्द न्यायाला वापरतात, मले तो तिथं पाह्यजे,’ असं म्हण. तो हसेल, पण खोडेल.

आता बाबांच्या सोयाबीनकडे येऊ. या शब्दाचा सगळ्यात फसवा अर्थ तिथे आहे.

इंग्रजीत गुण देताना उतरत्या क्रमानं एक्सलंट, गुड, फेअर, पुअर असं लिहितात. म्हणजे ‘फेअर’ हा ‘गुड’च्या खाली आहे. बरा, ठीक, चालेल असा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका पोराच्या वहीवर ‘फेअर’ असा शेरा दिला. त्याच्या आईनं ती वही वाड्यावर सगळ्यांना दाखवली, पोरानं काहीतरी मोठं केलं म्हणून. मला ते कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. त्यानंतर मी शेरे मराठीतच दिले : ‘बरं आहे, अक्षर अजून सुटं काढ.’ तर कोणी तुझ्या इंग्रजीला ‘फेअर’ म्हटलं, तर हुरळून जाऊ नकोस आणि खचूही नकोस. बरं आहे, पुढे चल, एवढाच त्याचा अर्थ.

एफएक्यू म्हणजे ‘फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी’. इथला ‘फेअर’ हा शेऱ्यातला आहे, न्यायातला नाही. अर्थ : सर्वसाधारण बरा माल. हा धान्याच्या व्यापारातला जुना शब्द आहे. ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गव्हाचा व्यापार याच नावानं चाले. तिथली पद्धत मला फार आवडते. दर हंगामात गहू पिकवणाऱ्या भागांतून नमुने गोळा करायचे, एकत्र मिसळायचे, ते मिश्रण ठरावीक मापात भरून किती वजन भरतं ते पाहायचं आणि म्हणायचं, यंदाचा ‘फेअर अ‍ॅव्हरेज’ हा. वर्ष वाईट गेलं तर मापही त्या वर्षाच्या मानानं उतरायचं. ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणजे सरासरी, आणि सरासरी त्याच वर्षाच्या, त्याच शिवाराच्या मालाची.

आपल्याकडच्या हमीभाव केंद्रावर शब्द तोच आहे, पण आत आकडे आधीच भरलेले असतात. सोयाबीनला ओलावा १२ टक्क्यांपर्यंत, काडी, माती, कचरा २ टक्क्यांपर्यंत, शिवाय हिरवा-अपक्व, किडका आणि फुटका दाणा यांच्या वेगळ्या मर्यादा. काढणीच्या दिवसांत परतीचा पाऊस आला आणि गंज्या भिजल्या, तर गावातल्या दहाही घरांचं सोयाबीन १४-१५ टक्क्यांवर जातं. शब्दाच्या जुन्या अर्थानं तो त्या वर्षीचा सर्वसाधारण मालच आहे. कागदाच्या अर्थानं नाही. २०२४ च्या खरिपात असंच झालं आणि केंद्र सरकारनं त्या हंगामापुरती मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवली. माझ्या मते त्या वर्षी शब्द आपल्या खऱ्या अर्थाच्या जवळ गेला. अशी सवलत दरवर्षी नसते, म्हणून बाबांनी आधी केंद्रावर विचारावं, यंदाची मर्यादा किती?

ग्रेडरवर मात्र सगळा राग काढू नका. १२ चा आकडा हवेतून आलेला नाही. ओलं सोयाबीन थप्पीत रचलं की आत गरम होतं, बुरशी धरतं, तेलाची प्रत उतरते. पण ग्रेडरनं ‘एफएक्यू नाही’ एवढंच म्हणून माल परत पाठवणं हेही बरोबर नाही. बाबांनी शब्द ऐकून परत यायचं नाही, आकडा विचारायचा. मॉइश्चर किती आलं? कचरा किती? की दाणा डागी आहे? प्रत्येकाचा इलाज वेगळा. कचरा असेल तर चाळणी मारून निघतो. ओलावा असेल तर दोन-तीन दिवस ताडपत्रीवर पातळ पसरून, दुपारी हात फिरवून उतरतो. दाणाच हिरवा किंवा डागी असेल तर वाळवण्याची मेहनत आणि दुसऱ्यांदा गाडीभाडं वाया जाईल, तो माल बाजार समितीतच पाहावा लागेल. एक शब्द ऐकून घरी आलं की यातलं काहीच कळत नाही.

आणि वाळवल्यानं वजन घटतं म्हणून बाबा कुरकुरत असतील, तर हा हिशेब त्यांच्यापुढे ठेव. १४ टक्के ओलाव्याचं दहा क्विंटल सोयाबीन १२ टक्क्यांवर आणलं तर सुमारे २३ किलो घटतं. उरतं ९ क्विंटल ७७ किलो. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये धरला तर त्याचे साधारण ५२,००० रुपये होतात. म्हणजे व्यापारी ओल्या मालाला क्विंटलमागे ५,२०० पेक्षा कमी देत असेल, तर वाळवणं परवडतं. त्यातून पसरण्याची मजुरी आणि दुसरी खेप वजा कर. तुमचं घरचं वाहन आहे की भाड्याचं, त्यावर हा हिशेब थोडा इकडेतिकडे होईल. तो तू मांड, बी.ए. झालेली आहेस.

जाताना दुपारी जा म्हणावं. सकाळच्या दवात पोती उघडी राहिली तर दाणा ओलावा ओढतो.

आता तुझ्या क्लाससाठी थोडं. हा शब्द कुठल्या अर्थानं आला आहे हे ओळखायचं असेल तर त्याच्या शेजारचा शब्द पाहा. ‘प्राइस’, ‘डील’, ‘ट्रायल’, ‘इलेक्शन’ शेजारी असेल तर न्याय. ‘वेदर’ असेल तर उघाड. ‘कॉपी’ असेल तर स्वच्छ. ‘स्किन’, ‘हेअर’, ‘कॉम्प्लेक्शन’ असेल तर रंग. ‘चान्स’ला मात्र जपून. ‘अ फेअर चान्स’ म्हणजे कधी समान संधी, तर कधी बऱ्यापैकी शक्यता, ते पुढचं वाक्य ऐकूनच कळतं. आकड्याशेजारी आला, ‘अ फेअर अमाउंट’ वगैरे, तर बऱ्यापैकी.

दुसरी खूण मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. ‘अन’ हा नकार लावून बघ. ‘अनफेअर प्राइस’ होतं, ‘अनफेअर ट्रायल’ होतं. पण सावळ्या मुलीला ‘अनफेअर’ म्हणता येत नाही. इंग्रजीत ते वाक्यच होत नाही. ‘अनफेअर’ म्हणजे अन्याय्य, आणि दुसरं काही नाही. ‘फेअरली’ लावलंस तर ‘फेअरली गुड’ म्हणजे बऱ्यापैकी चांगलं, आणि ‘ट्रीट फेअरली’ म्हणजे न्यायानं वागवणं. ‘फेअरनेस’ मात्र दोन्हीकडे चालतो, न्यायालयातही आणि क्रीमच्या डबीवरही, म्हणून तो वापरताना शेजारचा शब्द नक्की दे.

बोलताना ‘फेअर इनफ’ कानावर पडेल. त्यात ना रंग, ना पूर्ण न्याय. समोरच्याचं म्हणणं पटलं, पुढे बोलू, इतकंच. आपण ‘बरं, ठीक आहे’ म्हणतो तसं.

आपल्या मराठीत या सगळ्यांना वेगवेगळे शब्द आहेत. गोरा, रास्त, बरा, पक्की वही, उघाड. म्हणून आपण गोंधळत नाही. इंग्रजीत एकाच शब्दाला ही सगळी ओझी वाहावी लागतात, आणि तो शब्द मराठी घरात आला की नेमकं त्यातलं रंगाचं ओझं आधी उतरवून घेतलं जातं. हे मला खटकतं. तो उतरवायचाच असेल तर न्यायाच्या बाजूनं उतरवावा.

तू पत्रात विचारलं नाहीस, पण कधी तुला इंग्रजीत म्हणावंसं वाटलं की हे आमच्यावर अन्यायाचं आहे, तर ‘दिस इज नॉट फेअर टू अस’ म्हण. ‘फेअर विथ अस’ही कानावर येईल, पण अशा वाक्यात ‘टू’ चांगला. इंग्लंडकडचे लोक ‘फेअर ऑन अस’ही म्हणतात, तेही चुकीचं नाही. केंद्रावर मात्र मराठीतच बोल, आणि बाबांसोबत तू स्वतः जा. मॉइश्चर मीटरवरचा आकडा तुझ्या डोळ्यांनी बघ आणि वहीत तारखेसह लिहून ठेव. माल पुन्हा परत आला तर तहसीलला किंवा सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकाकडे अर्ज करताना तो आकडा लागेल.

बायोडाटा नवा झाला की पाठव. इंग्रजी मी तपासून देईन.

तुझी,
बाई